भिंतीवरची विभक्ती आणि दुकानातला 'ह'

रोमन साम्राज्याविरुद्ध बंड पुकारणारा एक तरुण रात्रीच्या अंधारात राजवाड्याच्या भिंतीवर 'रोमनांनो, चालते व्हा' अशा अर्थाची लॅटिन घोषणा रंगवतो, आणि नेमका त्याच वेळी गस्तीवरचा रोमन अधिकारी त्याच्या मागे येऊन उभा राहतो. आता याचे मुंडके उडणार असे आपल्याला वाटते. अधिकारी चिडतोही, पण तो घोषणेतल्या व्याकरणावर. 'रोमन' या शब्दाचे अनेकवचन चुकले आहे, क्रियापद आज्ञार्थी हवे होते ते तृतीय पुरुषी वर्तमानकाळात आहे, आणि 'घर' या शब्दाची विभक्ती तर पारच बिघडली आहे. तो त्या पोराचा कान धरतो, गळ्याला तलवार लावून एकेक रूप वदवून घेतो आणि शुद्ध केलेले वाक्य सूर्योदयापूर्वी शंभर वेळा लिहून काढण्याची शिक्षा फर्मावून निघून जातो. उजाडते तेव्हा अख्खी भिंत साम्राज्यविरोधी घोषणेने भरलेली असते, आणि त्या घोषणेत व्याकरणाची एकही चूक नसते.

'लाइफ ऑफ ब्रायन' या १९७९ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. तो मॉंटी पायथन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा जणांच्या चमूने लिहिला. त्यातला रोमन अधिकारी झालेला जॉन क्लीझ केंब्रिजला जाण्यापूर्वी दोन वर्षे आपल्याच जुन्या शाळेत मास्तरकी करत होता आणि इतर विषयांबरोबर लॅटिनही शिकवत होता, त्यामुळे त्या चिलखतात सैनिक कमी आणि मास्तर जास्त दिसतो. मला तर त्यात गिरगावातल्या आमच्या शाळेचे संस्कृतचे सरच दिसले. 'गम् धातू, आज्ञार्थ, मध्यम पुरुष, बहुवचन?' असे विचारत ते बाकाजवळ येऊन थांबत, तेव्हा तलवार नसली तरी घाम तेवढाच फुटे. दहावीला संपूर्ण संस्कृत घेतलेल्या मुंबईच्या मुलाला हा विनोद कोणत्याही तळटीपेशिवाय कळतो, कारण जिथे जायचे त्या स्थळाची द्वितीया त्याने 'गृहं गच्छति' म्हणत घोकलेली असते. गंमत अशी की चित्रपटातला तो कडक मास्तरही पुरता अचूक नाही. 'घर'साठीच्या लॅटिन शब्दाचे 'डोमुम' हे रूप तो स्थलवाचक विभक्तीचे, म्हणजे साधारण आपल्या सप्तमीचे, म्हणून वदवून घेतो, पण ते आहे द्वितीयेचे. स्थलवाचक रूप 'डोमी' असे होते. लॅटिन जाणणारे लोक ही चूक अजूनही मोठ्या आनंदाने दाखवून देतात, म्हणजे अधिकाऱ्याची तलवार आता अधिकाऱ्याच्याच गळ्याशी आली आहे.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. आयुष्य ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तपासण्यात गेलेल्या माणसाने या अधिकाऱ्यावर हसावे की त्याच्याशी हस्तांदोलन करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मात्र ब्रिटिश विनोदी मालिका आणि चित्रपट पाहताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते ती अशी की, तिथे भाषेची चूक क्वचितच निव्वळ चूक म्हणून हसवते. चूक कोण काढतो, कोणाची काढतो, आणि ती काढण्याच्या नादात त्याच्या डोळ्यांसमोरून काय निसटून जाते, यात खरा विनोद असतो.

मुंबईकराला या भिंतीत आणखी एक भिंत दिसते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव संमत झाला. त्या रात्री ठाकुरद्वारच्या एखाद्या भिंतीवर कोणी पोरगा 'क्विट इंडिया' रंगवतो आहे आणि मागून आलेला गोरा सार्जंट 'क्यू'नंतर 'यू' राहिला म्हणून त्याला फैलावर घेतो आहे, अशी कल्पना करून पाहावी. ती वाटते तितकी अचाट नाही. ज्या 'रेन अँड मार्टिन'ने आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी व्याकरण घोटून दिले, त्यातला पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला साहेब. (पुढे 'बो जेस्ट' ही परदेशी पलटणीची गाजलेली कादंबरीही त्यानेच लिहिली, आमच्या वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हते, नाहीतर त्याच्याबद्दल थोडी माया वाटली असती.) राज्यकर्त्यांनी आपल्या भाषेचे नियम इथे पाठ करून घेतले, आणि पाठ झाल्यावर त्याच भाषेत त्यांना 'चालते व्हा' असे शुद्ध लिहून दाखवण्यात आले. पायथन मंडळींनी रोमन साम्राज्याचे नाव घेतले असले तरी चिमटा घरच्याच साम्राज्याला आहे, असे मला वाटते.

याच्या अगदी उलट टोकाचा नमुना म्हणजे 'द टू रॉनीज' या बीबीसीच्या कार्यक्रमातले हार्डवेअरच्या दुकानाचे प्रहसन. ते १८ सप्टेंबर १९७६ रोजी पहिल्यांदा प्रसारित झाले. काउंटरच्या आत रॉनी कॉर्बेट, बाहेर गिऱ्हाईक म्हणून रॉनी बार्कर; लेखनही बार्करचेच. तो जेराल्ड वायली या टोपणनावाने लिहून आपले लेखन सादर करत असे. दुकान आपल्या नागदेवी स्ट्रीटवर शोभेल असे, खोक्यांनी खच्चून भरलेले. गिऱ्हाईक म्हणते, 'फोर कँडल्स'. दुकानदार चार मेणबत्त्या आणून ठेवतो. गिऱ्हाईक मान हलवते: नाही, 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागकामाच्या दाताळ्यांचे दांडे.

हा घोळ होतो कसा, हे देवनागरीत लिहून पाहिले की फार छान उलगडते. लंडनच्या बोलीत 'फोर्क'मधला 'र' उच्चारला जात नाही आणि 'हँडल्स'मधला 'ह' खाल्ला जातो. मग मागचा 'क्' पुढच्या 'अँ'ला जाऊन चिकटतो आणि कानाला 'फो कँडल्स' एवढेच ऐकू येते. शब्द कुठे तोडायचा यावर अर्थ ठरण्याच्या या प्रकाराला आपल्याकडे सभंग श्लेष म्हणतात, आणि त्याचे उदाहरण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे: 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी'. रुक्मिणीचा बाणेदारपणा आणि दाताळ्याचे दांडे यांना एका अलंकारात बसवणारा व्याकरणकार धन्य होय.

प्रहसनाची खरी कारागिरी मात्र यानंतर सुरू होते. गिऱ्हाईक 'ओज' मागते. दुकानदार स्वतः त्याच बोलीचा असल्यामुळे गिळलेला 'ह' आपण होऊन परत बसवतो आणि माती उकरायचे 'होज' आणून ठेवतो. ते नको असते. मग पाण्याचा पाइप आणतो, कारण तोही 'होज'. तोही नको. शेवटी उलगडते की घराच्या फाटकावर नाव लावण्यासाठी 'ओ' ही अक्षरे हवी आहेत. अक्षरांचे खोके जागेवर ठेवून तो परततो न परततो तोच गिऱ्हाईक 'पीज' मागते. एवढ्या वेळात शहाणा झालेला दुकानदार चडफडत पुन्हा अक्षरांचेच खोके काढतो, आणि या वेळी गिऱ्हाइकाला हवे असतात डबाबंद वाटाणे. मागच्या फजितीतून तो जे शिकला, तेच पुढच्या फजितीला कारण होते. त्याची एकही समजूत मूर्खपणाची नाही. प्रत्येक वेळी तो तर्काला धरूनच वागतो. आणि सबंध प्रहसनात 'नीट बोल' असे कोणीही कोणाला म्हणत नाही, कारण दोघेही 'ह' गिळणारेच. इथे अधिकारी नाही आणि तलवारही नाही, म्हणून यातले हसू मला इतके निर्मळ वाटते.

मध्यंतरी एका रविवारी ते आईला आणि भाचीला दाखवले. भाची इंग्रजी माध्यमाची. तिने सवयीने आधी खालची अक्षरे सुरू केली आणि विनोद जागच्या जागी मेला, कारण तिथे 'फोर कँडल्स' किंवा 'फोर्क हँडल्स' यांपैकी एक काहीतरी लिहावेच लागते.

'अगं, ती अक्षरे बंद कर,' मी म्हटले.

'मामा, तूच म्हणतोस हे? तू तर लग्नपत्रिकासुद्धा तपासून परत पाठवतोस.'

तिचे म्हणणे खोटे नव्हते, पण हा विनोद जिवंत राहतो तो शुद्धलेखन दिसत नाही तोपर्यंतच. आईला श्लेषाशी काही देणेघेणे नव्हते. 'मेणबत्त्या मागितल्या, त्याने दिल्या, मग भांडण कसले?' असे ती दोनदा म्हणाली. पण वाटाण्यांच्या वेळी कॉर्बेटचा चेहरा पाहून पदर तोंडाला लावून हसली.

या कार्यक्रमाने इंग्रज माणसाच्या मनात किती घर केले आहे, याचा एक पुरावा पुरेसा आहे. बार्करच्या निधनानंतर २००६ साली वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली, तेव्हा क्रूसाबरोबर एरवीच्या दोनऐवजी चार मेणबत्त्या नेण्यात आल्या. त्याच्या हस्ताक्षरातली संहिता पुढच्या वर्षी लिलावात ४८,५०० पौंडांना गेली. कोटी करणाऱ्याला आपल्याकडे टाळ्या मिळतात, क्वचित शिव्याही मिळतात. देवळात मान मिळाल्याचे ऐकिवात नाही.

'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेत (१९७५ आणि १९७९, दोन्ही मिळून बाराच भाग) क्लीझ पुन्हा तलवार उपसून येतो, फक्त या वेळी तो हॉटेलमालक आहे आणि समोर बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल. पहिल्याच भागात मालक लोण्याबद्दल काही सांगताना इंग्रजीत 'त्या ताटांवर' म्हणजे 'ऑन दोज ट्रेज' म्हणतो आणि मॅन्युएल अदबीने त्याची स्पॅनिश सुधारतो: नाही साहेब, 'उनो, दोस, त्रेस'. एक, दोन, तीन. चूक काढायचा हक्क एका क्षणात नोकराकडे जातो, आणि तोही त्याच्या नकळत. आपण अभिजात स्पॅनिश शिकलो असून या माणसाची बोलीच विचित्र आहे, असा खुलासा हा मालक पाहुण्यांपुढे करतो. असा साहेब मुंबईच्या प्रत्येक कचेरीत एकदा तरी भेटतो.

'माइंड युवर लँग्वेज'बद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. १९७७ साली सुरू झालेल्या या मालिकेत लंडनमधल्या प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात भारतीय, पाकिस्तानी, चिनी, जपानी, इटालियन, जर्मन असे देशोदेशीचे विद्यार्थी बसतात आणि प्रत्येकाची चूक त्याच्या देशाच्या शिक्क्यासह ठरलेली असते. आपल्याकडे ती अफाट लोकप्रिय झाली, आणि १९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'जबान सँभालके' या नावाने तिचा हिंदी अवतार आला, त्यात पंकज कपूर हिंदी शिकवत. लहानपणी मीही पोट धरून हसलो आहे, आणि काही कोट्या आजही चोख वाटतात. पण तिथे छडी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकाच हातात राहते. हिंदी मालिकेत मला ते तितके खुपले नाही, कारण मुंबईत हिंदी कोणाचीच धड नाही आणि मास्तरालाही ते माहीत आहे.

छडी ज्याच्या हातात कायमची आहे आणि तरीही ज्याच्यावर हसू येते, असा एकच माणूस मला ठाऊक आहे: 'येस मिनिस्टर'मधले सर हम्फ्री. ही मालिका अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिली आणि १९८० ते १९८४ या काळात ती दाखवली गेली. नंतर १९८६ ते १९८८ या काळात मंत्रिमहोदय पंतप्रधान झाले. नायजेल हॉथॉर्न यांनी रंगवलेला हा सनदी अधिकारी व्याकरणाची चूक कधीच करत नाही. उपवाक्यात उपवाक्य, त्यात अपवाद, अपवादाला पुन्हा अट, असे त्याचे वाक्य इतके निर्दोष आणि इतके लांब असते की शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचताना मंत्री आपला प्रश्नच विसरतो. सरकारी अहवालांची मुद्रिते तपासणाऱ्याला हे वाक्य चांगलेच ओळखीचे आहे. 'निदर्शनास आणून देण्यात येते की', 'यथोचित कार्यवाही करण्यात यावी', 'प्रकरण सहानुभूतिपूर्वक विचाराधीन आहे': वाक्य शुद्ध, क्रियापद जागेवर, फक्त कर्ता फरार. हम्फ्रीचे कसब मात्र नुसत्या लांबीत नाही, विशेषणाच्या निवडीतही आहे. मंत्र्याचा निर्णय तो 'वादग्रस्त' म्हणाला तर मते जाणार, आणि 'धाडसी' म्हणाला तर निवडणूकच जाणार. म्हणून 'धाडसी' हा शब्द ऐकताच मंत्र्याला दरदरून घाम फुटतो.

याच मालिकेत मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड अनियमित क्रियापदांची एक नवी जात सांगतो. इंग्रजीत पुरुषानुसार क्रियापदाचे रूप फारसे बदलत नाही. त्याच्या क्रियापदात मात्र पुरुष बदलला की अब्रूच बदलते. मी पत्रकारांना विश्वासात घेऊन माहिती देतो, तू बातमी फोडतोस, आणि त्याच्यावर गोपनीयतेच्या कायद्याखाली खटला भरला गेला आहे. या खेळाचे जनकत्व तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्याकडे जाते. १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांनी 'मी ठाम, तू हट्टी, तो डुकरासारखा अडेलतट्टू' अशा अर्थाची रूपे चालवून दाखवली होती. हा खेळ मराठीत फारच सुरेख जमतो. मी स्पष्टवक्ता आहे, तू फटकळ आहेस, तो तोंडाळ आहे. मी काटकसरी, तू चिकट, तो कवडीचुंबक. मी वामकुक्षी घेतो, तू झोपा काढतोस, तो पसरलेला असतो. आमच्या छापखान्यात चहाच्या वेळी हे चालवायला लागलो तेव्हा ज्याच्या वाट्याला तृतीय पुरुष येई, तो पहिल्यांदा उठून जाई.

२००१ साली 'जी मंत्रीजी' या नावाने ही मालिका हिंदीत आली. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव; दोघेही उत्तम. तरीही ती फिकी पडली असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नटांत नसून भाषेत आहे. हम्फ्रीचे वाक्य ऐकताना इंग्रज प्रेक्षकाला ती आपलीच भाषा असल्याचे कळत असते आणि तरीही अर्थ लागत नसतो. आपल्या सरकारी भाषेचा अर्थ लागत नाही हे आपण जन्मतःच गृहीत धरलेले असल्यामुळे त्यात धक्का राहत नाही.

'जस्ट अ मिनिट' या रेडिओवरच्या खेळाचा उल्लेख केल्याशिवाय मात्र थांबवत नाही. १९६७ साली सुरू झालेल्या आणि निकोलस पार्सन्स यांनी पन्नासहून अधिक वर्षे चालवलेल्या या खेळाचा नियम असा की, दिलेल्या विषयावर एक मिनिट न अडखळता, विषय न सोडता आणि दिलेला विषय वगळता एकही शब्द पुन्हा न उच्चारता बोलायचे. इथे चूक काढणे हाच खेळ आहे. ज्याने बझर दाबून ती अचूक पकडली त्याला गुण आणि उरलेल्या सेकंदांचा विषय मिळतो, म्हणजे तलवार मिनिटामिनिटाला हात बदलते. 'बीबीसी' म्हटल्यावर 'बी' दोनदा आला म्हणून हरकत घेणारे महाभागही तिथे होऊन गेले. २०१२ साली या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत झाले, लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरमध्ये, जुन्या फिनिक्स मिलच्या आवारात. पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक या ब्रिटिश विनोदवीरांसमोर सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल होते. जिथे गिरणीचा भोंगा वाजत असे त्या जागी आपली दोन माणसे बझरवर हात ठेवून इंग्रजांच्या इंग्रजीतली पुनरुक्ती पकडायला बसली होती, हे दृश्य मला अतिशय आवडते.

हा खेळ आम्ही घरी मराठीत खेळून पाहिला आणि तो चालेचना. मला विषय दिला होता 'लोकल'. मी नुकते कुठे 'गाडी हळूहळू फलाटात शिरते' एवढे म्हटले, तोच भाचीने टेबलावर थाप मारली.

'पुनरुक्ती! हळू दोनदा.'

'अगं, तो एकच शब्द आहे. पूर्णाभ्यस्त.'

'दोनदा म्हणालास की नाही?'

आईने गुण भाचीला दिला. पुढच्या वेळी मी जपून बोलू लागलो, तर 'गर्दीत शेजारीपाजारी' यावर हरकत आली, आणि तो अंशाभ्यस्त असल्याने 'शेजारी' व 'पाजारी' हे वेगळे धरावेत असा माझा युक्तिवाद मान्य होईपर्यंत मिनिट संपून गेले होते. 'बडबड' या शब्दाचा निवाडा अजून लागलेला नाही. आई म्हणते तो अनुकरणवाचक असल्यामुळे सोडून द्यावा. भाचीचे म्हणणे, मामा बोलत असताना तो सोडून कसा चालेल?